मीठ ६०० ग्रॅम, डाळ १० किलो

तब्येतीचे संकल्प बहुतेक घरांत पानावर बसल्यावर होतात. पण तोवर तेल भाजीत मुरलेलं असतं आणि मीठ आमटीत विरघळलेलं. कोणाच्या पोटात काय आणि किती जाणार, हे महिन्याच्या १ तारखेला वाण्याची यादी लिहिताना ठरून गेलेलं असतं. घरात दोन किलो मीठ आलं की ते महिना-दीड महिन्यात कुठेतरी जिरतंच. म्हणून सवय बदलायची तर ती यादीवर बदलावी. तिथे भूक नसते, वास नसतो, आग्रहही नसतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं नव्याने प्रसिद्ध केली. त्यात २००० कॅलरींचं एक ताट दिलं आहे: दिवसाला माणशी धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दाणे-तीळ-सुकामेवा ३५ ग्रॅम, तेल-तूप मिळून २७ ग्रॅम, दूध-दही ३०० मिली. धान्य, डाळी आणि दाण्यांची वजनं कच्च्या, कोरड्या मालाची आहेत, शिजल्यानंतरची नाहीत. माणशी आकडे वाचून कुणालाच काही उमगत नाही. चार माणसं आणि तीस दिवस, म्हणजे १२० ने गुणलं की मग यादी दिसायला लागते.

गुणाकाराआधी घरातली डोकी मोजा. दहा वर्षांखालचं मूल ढोबळमानाने अर्धं धरा. रोज दुपारी कॅन्टीनमध्ये जेवणारा माणूस दोन तृतीयांश धरा. हे केलं नाही तर यादी खोटं समाधान देते: घरात मीठ कमी संपलं म्हणून खूश व्हायचं आणि ते वडापावातून पुरं करायचं. एक साधा डिजिटल काटा (१ ग्रॅम ते ५ किलो मोजणारा पुरतो), ५ मिलीचा मापाचा चमचा आणि काळं मार्कर एवढं साहित्य घ्या. पिशवी किंवा कॅन फोडला त्या दिवशी त्यावर मार्करने तारीख घाला. पहिला महिना काहीही बदलू नका, नुसती मोजदाद करा.

मीठ

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आतली आहे. चौघांना दिवसाचे २० ग्रॅम, महिन्याचे ६०० ग्रॅम. म्हणजे किलोची पिशवी महिनाभरात संपत असेल तर घर मर्यादेच्या दीडपटीच्याही पुढे आहे आणि त्यात पापड, फरसाण, ब्रेड अजून धरलेलं नाही.

इतकं मीठ जातं कुठे? चौघांच्या दुपारच्या जेवणाचा हिशेब मांडून पाहा. कणकेत ५ ग्रॅम, भातात ३, आमटीत ६, भाजीत ५, कोशिंबिरीत २. झाले २१. दिवसाचा कोटा एका जेवणात संपला, आणि यातला एकही पदार्थ कुणाला खारट लागलेला नाही.

सगळीकडून थोडं थोडं मीठ कमी करायला गेलं की सगळंच अळणी लागतं आणि चौथ्या दिवशी मीठदाणी पानाशेजारी येऊन बसते. त्यापेक्षा जिथे ते जाणवतच नाही तिथलं आधी काढा: कणीक आणि भात. पोळी भाजीबरोबर खायची असते, भात आमटीत कालवायचा असतो, त्यांना स्वतःचं मीठ लागत नाही. इथेच ८ ग्रॅम वाचले. मग आमटी ४, भाजी ३, कोशिंबीर १ अशी खाली आणा, पण एका दमात आणू नका. दर पंधरा दिवसांनी पाव हिस्सा कमी केला तर जिभेला पत्ता लागत नाही. दोन्ही वेळचं जेवण मिळून १६ ग्रॅम, नाश्त्याला ३, हातात उरतो १ ग्रॅम.

तो एक ग्रॅम लोणच्याच्या फोडीला कसा पुरतो ते बघा. कैरीच्या घरगुती लोणच्यात किलोभर फोडींना २०० ते २५० ग्रॅम मीठ पडतं. मसाला आणि तेल धरून ते दीड किलोच्या आसपास भरतं. म्हणजे १० ग्रॅमच्या एका फोडीत दीड ग्रॅम मीठ. उडदाच्या पापडात पापडखारही असतो, त्याचं सोडियम मिठाइतकंच मोजावं लागतं. लोणचं-पापड बंद करा असं कुणी म्हणत नाही, पण पानात दोन्ही असतील त्या दिवशी कोशिंबीर बिनमिठाची करून वर लिंबू पिळा.

सकाळी काट्यावर २० ग्रॅम मीठ मोजून एका छोट्या वाटीत काढावं आणि दिवसभर त्याच वाटीतून घ्यावं. मिठाचा मोठा डबा वरच्या फळीवर. संध्याकाळी वाटीत किती उरलं हे डोळ्यांना दिसतं. चिमटीचा अंदाज माणसागणिक वेगळा असतो. सपाट चमचा भरून ५ ते ६ ग्रॅम मीठ बसतं, शीग लावून त्याहून बरंच जास्त.

मीठ कधी घातलं यानेही फरक पडतो. उसळीत शेवटी घातलेलं मीठ रसात राहतं, म्हणून कमी असून पुरेसं लागतं. काकडीच्या कोशिंबिरीत ते अर्धा तास आधी घातलं तर काकडी पाणी सोडते, मीठ त्या पाण्यात उतरतं, वरची काकडी अळणी लागते आणि पुन्हा चिमूट पडते. वाढायच्या क्षणी घाला. आमसूल, चिंच, लिंबू यांतलं काहीतरी असलं की जीभ मिठाची उणीव माफ करते.

सैंधवाबद्दल सगळीकडे विचारणा असते. सैंधवही जवळजवळ पूर्ण सोडियम क्लोराइडच असतं, त्याने कोटा वाढत नाही. उलट त्यात सहसा आयोडीन घातलेलं नसतं, म्हणून घरातलं रोजचं मीठ आयोडीनयुक्तच ठेवावं. पोटॅशियम मिसळलेलं कमी सोडियमचं मीठ रक्तदाबाला खरोखर मदत करतं, पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नये. आणि पाकिटावर ‘सोडियम’ असं लिहिलेलं असेल तर त्याला अडीचने गुणा, म्हणजे मीठ कळेल. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ.

एक अपवाद. मे महिन्यात विदर्भात शेतात किंवा बांधकामावर दिवसभर घाम गाळणाऱ्याला हा ६०० ग्रॅमचा हिशेब लावू नये. घामातून मीठ जातं, त्याला मीठ घातलेलं ताक हवंच.

तेल

२७ ग्रॅमला १२० ने गुणलं की ३.२४ किलो होतात, म्हणजे तेल, तूप, लोणी सगळं मिळून साधारण साडेतीन लिटर. अर्धा किलो तूप धरलं तर तेल ३ लिटर, दिवसाला १०० मिली. वाटणी अशी बसते: नाश्ता २०, दुपारची आमटी १० आणि भाजी २०, रात्रीचं जेवण २०, पोळ्यांना ३०. पोळ्यांचा आकडा पाहून दचकायला होतं, पण घडीच्या पोळीला आत-बाहेर मिळून २ मिली तेल सहज लागतं आणि पोळ्या पंधरा असतात. घडीऐवजी फुलके केले की हे ३० मिली तसेच्या तसे वाचतात.

फोडणीत मोहरीला हवी असते उष्णता. ती तेलाच्या मापाने नव्हे, तेलाच्या उंचीने मिळते. रुंद कढईत १० मिली तेल पसरून त्याचा नुसता तवंग होतो, मोहरी त्यात बुडत नाही, काही दाणे करपतात, काही कच्चे राहतात आणि हात आपोआप बुधलीकडे जातो. तेच १० मिली लोखंडी कढल्यात घातलं तर तळाशी साचतं. तापल्यावर मोहरी टाका, तडतडणं थांबत आलं की जिरं, मग हिंग, आच बंद करून हळद, आणि सगळं आमटीवर ओता. झाकण लगेच लावलं तर वास आतच राहतो. कढल्यात चमचाभर आमटी घालून ती परत ओतावी, नाहीतर फोडणीचा काही हिस्सा कढल्यालाच चिकटून राहतो.

सुक्या भाजीला जुनी युक्ती सगळ्यांत सरस: कढईवर खोलगट झाकण आणि झाकणात पाणी. झाकण थंड राहतं, वाफ त्याला लागून भाजीतच परत ठिबकते, भाजी तळाला लागत नाही. फ्लॉवर, कोबी, गवार या भाज्या चार चमचे तेलात चौघांपुरत्या होतात. वांगं आणि भेंडी मात्र तेल पितात. वांगं आधी गॅसवर भाजून घेतलं तर निम्म्या तेलात भागतं. भेंडीला फसवता येत नाही, तिच्या दिवशी आमटी बिनफोडणीची करावी.

तळण करायचंच असेल तर लहान कढईत पाव लिटर तेल घ्या आणि थोडं थोडं तळा. मोठ्या कढईत लिटरभर तापवलं की उरलेलं तेल टाकवत नाही आणि आठवडाभर तेच पुन्हा पुन्हा तापतं. गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा. रंग काळपट झाला, फेस यायला लागला, बोटांना चिकट लागलं किंवा पूर्वीपेक्षा लवकर धूर निघाला तर ते टाकूनच द्या.

बाहेरून येणारं शेव-फरसाण तेलाच्या रकान्यात लिहा. शेवेच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा तेल असतो. किलोभर फरसाण आणलं तर त्या महिन्याच्या तेलातून ३५० ग्रॅम वजा. दाण्याच्या कुटाचं तसंच. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो. कुटाचा रकाना वेगळा (चौघांना सव्वाचार किलोपर्यंत), पण तो एकट्या दाण्यांनी भरू नये. तीळ, कारळं आणि जवस यांच्या चटण्या आपल्याकडे त्याचसाठी आहेत. जवस भाजून कुटूनच खावेत, अख्खे तसेच पोटातून निघून जातात. कूट पंधरवड्यापुरतंच करावं, नाहीतर खवट होतं.

डाळ

या सबंध यादीत हाच एक रकाना बहुतेक घरांत तुटीचा निघतो. ८५ ग्रॅमला १२० ने गुणलं की १० किलो २०० ग्रॅम होतात. सर्वसाधारण यादीत असते तूरडाळ दोन किलो, मूगडाळ एक, हरभराडाळ अर्धा, मटकी अर्धा. चार किलो.

पातळ आमटी हे त्याचं कारण. चौघांच्या आमटीला १०० ग्रॅम तूरडाळ घेतात, म्हणजे माणशी २५ ग्रॅम. त्यातून प्रथिनं मिळतात साडेपाच-सहा ग्रॅम. वाटी भरलेली दिसते, पण तिच्यात पाणीच जास्त असतं. भातावर ‘वरण वाढलं’ म्हणून डाळ खाल्ली असं धरलं जातं आणि तिथेच फसगत होते.

दिवसाला ३४० ग्रॅम गाठायचे तर ते तीन जागी वाटावे लागतात. सकाळी १०० ग्रॅम मूगडाळीची धिरडी. दुपारी ८० ग्रॅम डाळीची आमटी, पण जरा घट्ट. रात्री १६० ग्रॅम मटकी, मूग किंवा चवळीची उसळ. मोड आणायला वेळ नसेल त्या दिवशी १२० ग्रॅम बेसनाचं पिठलं आणि आमटीत डाळ थोडी वाढवा. पोहे म्हणजे निव्वळ तांदूळ, हे लक्षात ठेवलं की त्यांच्याबरोबर मटकीची उसळ वाढायची पद्धत किती शहाणपणाची आहे ते कळतं.

मोडांचं तंत्र बिघडतं ते पाण्यामुळे. १६० ग्रॅम मटकी निवडून आठ ते दहा तास भिजवा, पाणी पूर्ण काढा, दोनदा धुवा आणि दहा मिनिटं चाळणीत निथळू द्या. मग ओलसर, पण न ठिबकणाऱ्या कापडात सैल बांधा. उन्हाळ्यात बारा तासांत मोड दिसतात, डिसेंबरात चोवीस तासही लागतात. थंडीत पुरचुंडी झाकणाच्या डब्यात घालून बंद ओव्हनमध्ये किंवा फ्रीजच्या वर ठेवावी. बुळबुळीत झाली, आंबूस वास आला तर निथळणं अपुरं राहिलं किंवा गाठ घट्ट बसली. वरचे दाणे कोरडे राहून मोड आलेच नाहीत तर मधे एकदा पाण्याचा हबका मारायचा राहिला. मोड आलेली मटकी वजनाने दुपटीहून जास्त भरते, तेव्हा मोजमाप नेहमी कोरड्याचं.

पोटात वायू धरतो ही तक्रार खरी असते, खासकरून एका आठवड्यात चार किलोवरून दहा किलोवर उडी मारली तर. पंधरा दिवसांना अर्धा किलो या बेताने वाढवा. भिजवलेलं पाणी फेका, उसळ बोटाने चेपेल इतकी शिजवा, हिंग-आलं घाला. छोले आणि वाटाणा आठवड्यातून एकदाच, मूग कितीही वेळा. अंडी, मासे, मटण खाणाऱ्या घरांना दहा किलो गाठायची गरज नाही: एक अंडं प्रथिनांच्या हिशेबात २५ ते ३० ग्रॅम डाळीच्या जागी धरता येतं. आणि ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी हा सबंध भाग सोडून द्यावा, त्यांचं डाळीचं माप डॉक्टरच ठरवतील.

धान्य आणि शतपावली

डाळ वाढली की धान्य कमी व्हायला हवं, नाहीतर फक्त वजन वाढतं. माणशी २५० ग्रॅम म्हणजे चौघांना महिना ३० किलो, गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, पोहे, रवा सगळं धरून. ही कमाल पातळी समजा. बैठं काम असेल तर २५ किलो पुरतात.

‘रात्री फक्त भाकरी खातो’ असं सांगणाऱ्यांनी ती एकदा काट्यावर घालावी. पोळीला २५ ते ३० ग्रॅम पीठ लागतं, हाताने थापलेल्या भाकरीला ८० ते १०० ग्रॅम. दोन भाकऱ्या म्हणजे सहा पोळ्या. ज्वारीत तंतू जास्त आहेत, पोट भरल्यासारखं राहतं, हे सगळं खरं, पण पिष्ट तिच्यातही भरपूर आहे. ज्वारीचं पीठ पंधरा दिवसांपुरतंच दळून आणा. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडा फाटतात आणि दोष हाताला येतो. तशा पिठाला उकळतं पाणी घालून मळलं तर निभावतं. बाजरीचं पीठ त्याहून आधी कडवट होतं, ते आठवड्याचंच आणावं.

जेवणानंतर रक्तात जी साखर चढते ती स्नायू हलले की उतरायला मदत होते. शतपावलीचं कारण तेच. पण शंभर पावलं म्हणजे जेमतेम एक मिनिट. दहा ते पंधरा मिनिटं चालावं, जेवल्यावर लगेच, बोलता येईल एवढ्या वेगाने. दोन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं धरली तर आठवड्याला १४० मिनिटं होतात. मोठ्यांसाठी सांगितलेली किमान १५० मिनिटं फारशी दूर राहत नाहीत, मात्र ती मोजताना जरा दम लागेल अशा चालीची धरायची. येरझाऱ्या मोजू नयेत.

साखरेचं थोडक्यात: साखर, गूळ, मध, बिस्किटं मिळून माणशी २५ ग्रॅम हा चांगला आकडा, म्हणजे चौघांना महिना ३ किलो. चौघं, दोन वेळा चहा, कपाला दोन चमचे म्हणजे रोजचे ८० ग्रॅम चहातच गेले. कपाला एक चमचा केला की ४० ग्रॅम सुटतात, त्यातून शिराही होतो. गुळात थोडी खनिजं असतात, पण तो साखरेच्याच रकान्यात. दिवाळीच्या फराळाची यादी वेगळी लिहा, ती रोजच्या यादीत मिसळली की दोन्हींचा हिशेब बुडतो.

भाजीचा आकडा आठवडी बाजाराला न्या: चौघांना दिवसाला १६०० ग्रॅम, आठवड्याला ११ किलो. मेथीची जुडी निवडल्यावर निम्मी उरते, म्हणून पालेभाजी दुप्पट मोजून घ्यावी. फ्रीज भरेल एवढी एकदम आणू नका. आठवड्यातून दोनदा बाजार करा, पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत, मग फळभाज्या, शेवटी दुधी, भोपळा, कोबी.

मग चार जणांच्या घराची यादी साधारण अशी दिसते: मीठ ६०० ग्रॅम, तेल ३ लिटर, तूप अर्धा किलो, साखर-गूळ मिळून अडीच किलो (बाकीचं बिस्किटांतून येतंच), डाळी-कडधान्यं ८ ते १० किलो, गहू-तांदूळ-ज्वारी मिळून २५ ते ३० किलो, दाणे-तीळ-जवस-कारळं ४ किलो. ती फळीच्या दाराला आतून चिकटवा आणि शेजारी दुसरा कागद लावा. तेलाचा कॅन २४ तारखेलाच रिकामा झाला तर कुणाला दुकानात धाडण्याआधी त्या कागदावर तारीख लिहा, आणि त्या महिन्यात पाहुणे आले होते का, घरी तळण किती वेळा झालं, हेही तिथेच लिहून ठेवा.